आईची पेन्शन आत्ता घ्यावी की ५८ ला?

प्रश्न: आई अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात २२ वर्षं होती. गुडघ्यांमुळे काम सुटलं, आता ५६ पूर्ण. ईपीएस (पीएफसोबतची) पेन्शन लवकर घेतली तर कमी बसते म्हणे. पण तिला थांब म्हणायला जीव होत नाही. काय करू?

प्रतिसाद १: ५८ च्या आधी दर वर्षामागं ४ टक्के कपात, तीही कायमची. थांबा, ताई.

प्रतिसाद २: मी सूतगिरणीत पगारपत्रकं बघायचो, कितीतरी बायकांचे पेन्शनच्या अर्जाचे १०-डी फॉर्म भरून दिलेत. हिशेब मांडा. ५८ ला २,००० बसणार असतील तर आत्ता साधारण १,८४०. दोन वर्षांत ४४,००० हातात येतात. महिना १६० च्या फरकानं ते फिटायला २३ वर्षं लागतील! काम खरंच सुटलं असेल तर घेऊन टाका. पीएफ कापणारी नोकरी परत धरणार असतील तरच थांबा. आधी नाव तपासा. आधारवर 'लक्ष्मीबाई' अन् पीएफला 'लक्ष्मी' एवढ्यावरही अर्ज परत येतो.

प्रश्नकर्ती: काका, आत्ताच बघितलं, आडनावाच्या स्पेलिंगमध्येच फरक आहे. आधी तेवढं दुरुस्त करून घेते, मग लगेच अर्ज.