बिल विल्सनचा 'पांढरा प्रकाश': साक्षात्कार की बेलाडोना?

आडवाट
अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा (ए.ए., म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) सहसंस्थापक बिल विल्सन ११ डिसेंबर १९३४ला न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये दारू सोडवण्यासाठी चौथ्यांदा दाखल झाला. दोन-तीन दिवसांनी तो "देव असेल तर त्यानं आता समोर यावं" असं ओरडला. खोली पांढऱ्या प्रकाशानं भरली, आपण डोंगरमाथ्यावर उभे आहोत आणि वारा आरपार जातोय असं त्याला वाटलं. १९७१ला मरेपर्यंत तो दारूला शिवला नाही. ए.ए.च्या मिटिंगांमध्ये हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगतात. मी म्हणतो, हा औषधाचा परिणाम.

टाउन्समधला उपचार बघा. डॉ. अलेक्झांडर लॅम्बर्टनं १९०९ला छापलेलं प्रमाण असं: १५ टक्के टिंक्चर बेलाडोना (धोतऱ्याच्या कुळातल्या विषारी वनस्पतीचा अर्क) २ औंस, खुरासानी ओव्याचा अर्क १ औंस, झँथोक्सायलमचा अर्क १ औंस. (हे झँथोक्सायलम म्हणजे आपल्या कोकणी तिरफळाचं अमेरिकी भावंड.) दर तासाला ६ ते ८ थेंब, रात्रीसुद्धा उठवून. दर सहा तासांनी २ थेंब वाढवत १६पर्यंत. जोडीला जबरदस्त जुलाब. घसा कोरडा पडला, बाहुल्या विस्फारल्या, चेहरा लाल झाला की थांबायचं. लॅम्बर्टनं आणखी एक खूण दिली आहे: रुग्ण एक-दोन कल्पनांचाच हेका धरून बोलू लागतो. आता बोला.

वॉर्ड_सात
बोलते. बेलाडोना आणि खुरासानी ओवा यांत जे अल्कलॉइड असतात तेच आपल्या धोतऱ्यात. धोतऱ्याची विषबाधा कशी दिसते? माणूस हवेतून काहीतरी वेचत बसतो, कपडे ओढतो, नसलेल्या माणसाशी बोलतो, आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही. उतरल्यावर बहुतेक वेळा काहीच आठवत नाही. बिलला सगळं आठवत होतं, आणि त्यानं स्वतःच रुग्णालयातल्या डॉ. सिल्कवर्थना बोलावून "मला वेड लागलंय का?" विचारलं. सिल्कवर्थनी दारुड्यांचे भ्रम रोजच्या रोज पाहिलेले. त्यांनी नीट तपासून सांगितलं, वेड नाही, जे मिळालंय ते धरून ठेव.

दुसरं म्हणजे हा चौथा मुक्काम होता. आधीच्या मुक्कामांत याच रुग्णालयात याच पद्धतीचा उपचार झाला, तेव्हा प्रकाश का नाही दिसला? आणि १९०९चं छापील प्रमाण १९३४ला बिलच्या केसपेपरवर होतं, हे गृहीत कशावरून?

(कोणी हे वाचून घरी धोतऱ्याचा काढा करू नका. परिणाम करणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फार थोडं असतं. आता दारू सोडवताना डॉक्टर बेंझोडायझेपिन गटातली औषधं आणि थायमिन देतात.)

आडवाट
केसपेपरचा मुद्दा मान्य. पण मग दारू तुटल्याचा भ्रम तरी धरा. शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत डिलिरियमचा (भ्रमिष्ट होण्याचा) धोका सर्वांत जास्त. ११ला बाटली हातात घेऊन आलेला माणूस १४च्या सुमारास प्रकाश पाहतो. गणित जुळतं.

शिवाय नमुना घरातच होता. बिलचे वडिलांकडचे आजोबा दारुडे. व्हर्माँटमध्ये ईस्ट डॉर्सेटजवळच्या माउंट इओलसवर त्यांनी देवाला साकडं घातलं, प्रकाश दिसला, वारा जाणवला, आणि त्यांनी दारू सोडली, अशी कथा बिलच्या चरित्रांत येते. डोंगर, वारा, प्रकाश. नातवाला तेच दिसावं?

पोथीनिष्ठ
तुम्ही दोघंही प्रकाशावर भांडताय. ए.ए.च्या १९३९च्या मूळ ग्रंथात बिलची स्वतःची कहाणी उघडून बघा. विजयाची भावना आहे, शांतता आहे, डोंगरमाथ्यावरचा वारा आहे. उजळलेली खोली नाही! तो तपशील त्याच्या नंतरच्या कथनांत ठळक होतो. म्हणजे १९३४चं निदान तुम्ही १९५०च्या दशकातल्या आठवणीवरून करताय.

आणि ग्रंथात त्या क्षणाआधी काय घडलं ते वाचा. नोव्हेंबरमध्ये जुना मित्र एबी थॅचर घरी आला. एके काळचा पक्का पिणारा, ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटात जाऊन सुटलेला. रुग्णालयातही तो भेटायला गेला. बिलनं त्याच्यापुढे आपले दोष उघडे केले, ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी केली आणि त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायचं कबूल केलं. ए.ए.च्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांतल्या चौथीपासून नववीपर्यंतचा कच्चा खर्डाच हा. थेंब मोजण्यापेक्षा ही यादी मोजा.

वॉर्ड_सात
तरी एबीचं काय? त्यानंही हेच सगळं केलं होतं आणि १९३७मध्ये तो पुन्हा प्यायला लागला. पुढेही कैक वर्षं चढउतार. नुसत्या यादीनं माणूस टिकत असता तर तो टिकला असता.

डाव्या_हाताचा
बालपण कोणी विचारातच घेत नाहीये. जन्म २६ नोव्हेंबर १८९५. आईवडील वेगळे झाले तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा. वडील कॅनडाकडे गेले, आई बोस्टनला ऑस्टिओपॅथी शिकायला. बिल आणि बहीण डोरोथी आईच्या आईवडिलांकडे. आजोबा म्हणाले, बूमरँग फक्त ऑस्ट्रेलियातल्या माणसालाच करता येतं. पोरानं अभ्यास बाजूला सारून महिनोन्महिने लाकूड तासलं, शेवटी पलंगाच्या उशाची फळी कापली आणि बूमरँग परत आणून दाखवलं. मग शाळेत बेसबॉलचा कप्तान, व्हायोलिनमध्येही पहिला. १९१२ला बर्था बॅमफर्ड ही मैत्रीण शस्त्रक्रियेनंतर गेली आणि त्याला न जिंकता येणारी गोष्ट पहिल्यांदा भेटली. तो पार कोसळला, शाळासुद्धा पूर्ण झाली नाही.

१९१७ला न्यू बेडफर्डला लष्करी अधिकारी असताना एका पार्टीत ब्राँक्स कॉकटेल हातात आलं. जिन, दोन तऱ्हेचं व्हर्मुथ, संत्र्याचा रस. चारचौघांत बुजणारा हा मुलगा एकदम मोकळा झाला. मला तर तोच त्याचा पहिला 'साक्षात्कार' वाटतो. १९३४ला मोडला तो बूमरँगवाला हेका: मी एकट्यानं करून दाखवीन. प्रकाश कुठून आला यानं मला फरक पडत नाही.

पोथीनिष्ठ
मोडला म्हणता? मग पुढचे पाच महिने बघा. सुटल्यावर तो दिसेल त्या दारुड्याला आपला प्रकाश सांगत सुटला. बायको लोइस सोडून कोणाचाही फायदा झाला नाही, म्हणजे नवरा शुद्धीत राहिला एवढाच. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा सिल्कवर्थनीच सांगितलं, प्रवचन बंद कर. आधी आजार सांग: मनाला ध्यास आणि शरीराला दारूची अ‍ॅलर्जी. माणूस हादरला की मग देवाचं बोल.

मे १९३५मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला धंद्याचा व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे चर्चची यादी आणि फोन. त्यानं फोन केले. ऑक्सफर्ड ग्रुपमधल्या हेन्रिएटा सायबरलिंगनं १२ मेला दारूत अडकलेल्या डॉ. बॉब स्मिथची (पुढे ए.ए.चा दुसरा संस्थापक) गाठ घालून दिली. बॉब पंधरा मिनिटं बसणार होता, रात्री अकरापर्यंत बसला. या वेळी बिलनं प्रकाश विकला नाही, स्वतःला गरज आहे म्हणून बोलला. बॉबची दारू जूनमध्ये सुटली, कायमची. बॉबला कसलाही प्रकाश दिसला नव्हता. ए.ए. स्वतः आपली सुरुवात १९३५पासून धरते, १९३४पासून नाही.

वॉर्ड_सात
हे मात्र पटलं. प्रकाशाची गोष्ट आधी सांगितली की नवीन आलेला माणूस दोन-तीन महिने वाट बघतो, "मला तर काहीच झालं नाही" म्हणतो आणि गळतो. हे त्या काळीही होत होतं. म्हणूनच त्या ग्रंथाच्या १९४१च्या दुसऱ्या छपाईत परिशिष्ट घालावं लागलं, की बहुतेकांचा बदल हळूहळू, शिकत शिकत होतो. आपल्याकडच्या मराठी मिटिंगांत पहिल्याच दिवशी ते परिशिष्ट वाचायला हवं, बिलचा डिसेंबर नंतर.

आडवाट
परिशिष्ट वाचा, पण बिललाच रसायनाचा विटाळ नव्हता हेही सांगा. २९ ऑगस्ट १९५६ला त्यानं लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी हे भास घडवणारं रसायन घेतलं, आणि तसाच अनुभव इतरांना औषधानं देता येईल असं त्याला वाटत होतं. ज्याचा अनुभव, त्यालाच औषध आणि अध्यात्म यांत भांडण दिसत नव्हतं.

वॉर्ड_सात
तेही सांगा, आणि त्याच्या संघटनेला ते मुळीच रुचलं नाही हेही. शिवाय १९४४ ते ५५ या काळात तो अकरा वर्षं नैराश्यात होता, सिगारेट तर कैक वर्षं सुटली नाही, एम्फिसीमा या फुप्फुसाच्या आजारानं गेला. तुमचा बेलाडोना असो की पोथीनिष्ठांची यादी, दोन्हींनी काम केलं ते फक्त दारूपुरतं.