मदत हवी आहे: शहरी सरावात ८०० मीटरवर संपर्क तुटतो, पॉवर वाढवू का?

कंपनी_सिग्नल
शहरी लढाईचा सराव चालू आहे. पाच वॉटचे पाठीवरचे सेट आहेत. मोकळ्या मैदानात हेच सेट पाच-सहा किलोमीटर आरामात बोलतात. इथे तुकडी दोन इमारतींच्या मागे गेली की कंट्रोलला काही ऐकू येत नाही, आणि अंतर जेमतेम ८०० मीटर. बॅटऱ्या नव्या, सेट तपासलेले. तुकडीमागच्या गाडीवर ५० वॉटचा अॅम्प्लिफायर लावता येईल. लावू का? सकाळच्या आत उत्तर हवं आहे. सिद्धांत नको, काय करायचं तेवढं सांगा.

डेसिबल
बँड कोणता? अँटेना कोणती? कंट्रोल कुठे आहे, गच्चीवर, रस्त्यावर की खोलीत? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच. अॅम्प्लिफायरबद्दल मात्र आत्ताच सांगता येतं. ५ चे ५० वॉट म्हणजे १० डेसिबल. दोन्ही अँटेना छपरांच्या खाली असल्या की सिग्नल साधारण अंतराच्या चौथ्या घाताने पडतो, म्हणजे दहापट पॉवर देऊन पल्ला १.८ पटच होतो. आणि शत्रूच्या दिशाशोधकालाही तेच १० डेसिबल आयते मिळतात.

आडवी_तार
एचएफवर, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीच्या बँडवर या. ३ ते ८ मेगाहर्ट्झ, आडवा डायपोल (मधोमध जोडलेली दोन भुजांची तार) जमिनीपासून तीन-चार मीटरवर. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) खाली येते, इमारती मधे येतच नाहीत. ५ मेगाहर्ट्झसाठी तार सुमारे २८ मीटर लागते.

गच्चीवरचा
@आडवी_तार, घराघरांतून पुढे सरकणारी तुकडी २८ मीटरची तार कुठे ताणणार? ब्रिगेडशी बोलायला ही युक्ती उत्तम आहे, पण इथला प्रश्न तो नाही. इथे रिले हवा, म्हणजे एकाचं ऐकून पुढे पाठवणारं मधलं ठाणं. मधल्या उंच इमारतीवर दोन सेट, दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी. दोन्ही अँटेना एकमेकींपासून शक्य तितक्या लांब ठेवा, एक दुसरीच्या बरोबर डोक्यावर असेल तर उत्तम. जवळ ठेवल्यात तर एका सेटचं प्रक्षेपण दुसऱ्याला बहिरं करतं.

कंपनी_सिग्नल
बँड नेहमीचाच, ३०-८८ मेगाहर्ट्झ. सध्या ४८ च्या आसपास. सेटवर लवचीक पट्टीची अँटेना. कंट्रोल तळमजल्यावर आतल्या खोलीत. गच्चीवर माणूस ठेवायला मनाई आहे, निशाणेबाजाला दिसतो. आणि तुकडीला आमचं सगळं स्वच्छ ऐकू जातं, फक्त त्यांचं आमच्यापर्यंत येत नाही. म्हणून तर त्यांची पॉवर वाढवायचं विचारतोय!

डेसिबल
ही शेवटची गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये हवी होती, तिने सगळा प्रश्नच बदलला. दोन्हीकडे ५ वॉट, वाट एकच. वाटेतला ऱ्हास दोन्ही दिशांना सारखाच असतो. एकाच बाजूला ऐकू येत नसेल तर दोष वाटेत नाही, त्या बाजूच्या गोंगाटात आहे, म्हणजे विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या रेडिओ-अडथळ्यात. खोलीत काय काय चालू आहे?

कंपनी_सिग्नल
चार लॅपटॉप, बॅटरी चार्जर, एलईडी दिवे. जनरेटर बाहेर भिंतीला लागून. हे सगळ्या कंट्रोलमध्ये असतंच.

मुक्त_अवकाश
स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडून सरसर ऐका, मग अँटेना काढा. सरसर कमी झाली तर गोंगाट बाहेरून येतोय.

डेसिबल
एफएमवर ही चाचणी फसवते. लिमिटरमुळे (सिग्नलची उंची एकसारखी कापणाऱ्या भागामुळे) गोंगाट थोडा असो वा फार, सरसर तेवढ्याच जोराने ऐकू येते. त्यापेक्षा हॉपिंग (फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहणं) बंद करून एका ठरावीक चॅनेलवर या. तुकडीला जेमतेम ऐकू येईल अशा जागी उभं करून आकडे मोजायला लावा. इकडे एकेक वस्तू बंद करा, चार्जर सगळ्यात आधी. ज्या क्षणी आकडे स्वच्छ येतील, ती वस्तू दोषी. लॅपटॉपचे अॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमधून काढा, नुसता लॅपटॉप बंद करून भागत नाही. दोषी सापडला की तो हलवा, नाहीतर त्याच्या वायरीचे पाच-सहा वेढे फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाच्या) कड्यातून काढा.

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.३७२ शिफारशीतलं शहरी सूत्र लावलं तर ५० मेगाहर्ट्झला मानवनिर्मित गोंगाट उष्मीय पातळीच्या (उष्णतेमुळे कायम असणाऱ्या किमान गोंगाटाच्या) सुमारे ३० डेसिबल वर असतो. २२५ ला तोच १२ च्या आसपास. हे बाहेरचं, खोलीतले चार्जर त्यावर आणखी.

मुक्त_अवकाश
म्हणूनच शहरात २२५-४०० मेगाहर्ट्झ घ्या म्हणतो.

गच्चीवरचा
असहमत. कोपऱ्यावरून आणि छपरांवरून वळण्यात खालची फ्रिक्वेन्सी कायम सरस ठरते.

मुक्त_अवकाश
रस्त्यावर, हो. पण कंट्रोल खोलीत आहे. काँक्रीटमधल्या सळयांची जाळी पंधरा-वीस सेंटिमीटरची, ५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६ मीटर. त्या लहरीला ही जाळी जवळजवळ अखंड पत्र्यासारखीच. उरते खिडकी. सव्वा मीटरच्या चौकटीतून साधारण १२० मेगाहर्ट्झच्या खालचं नीट शिरत नाही, ३०० चं शिरतं. शिवाय ३०० ला पाव तरंगलांबीची अँटेना २५ सेंटिमीटर, ५० ला दीड मीटर. त्याहून आखूड पट्टी लावून अंगाला चिकटवली की अनेक डेसिबल तिथेच जातात.

डेसिबल
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, पण धागाकर्त्याकडे सेट एकाच बँडचे आहेत. @कंपनी_सिग्नल, अँटेना खोलीबाहेर काढा, माणूस नको. दीड मीटरची उभी अँटेना, खाली तेवढ्याच लांबीचे तीन-चार आडवे रेडियल (जमिनीचं काम करणाऱ्या तारा), भिंतीपासून आणि लोखंडापासून निदान दीड मीटर लांब. आरजी-५८ केबल १५ मीटर लागली तरी ५० मेगाहर्ट्झला ऱ्हास दीड-दोन डेसिबलच. त्याच केबलवर ४०० ला पाचेक गेले असते.

गच्चीवरचा
आणि उंची दुप्पट केली की ६ डेसिबल, पॉवर चौपट केल्यासारखे.

डेसिबल
३०० मेगाहर्ट्झला हो. ३०-८८ मध्ये उभ्या अँटेनाला जमिनीलगतच्या पहिल्या काही मीटरांत उंचीचा फायदा फारसा मिळत नाही, तो त्यापुढे मिळू लागतो. दीडवरून तीन मीटर करून हिशेब जुळणार नाही. आणि ८०० मीटरला ओकुमुरा-हाताचं (शहरात वाटेतला ऱ्हास काढायचं) सूत्रही लावू नका. ते १५० ते १५०० मेगाहर्ट्झ, किमान १ किलोमीटर आणि एका टोकाला किमान ३० मीटर उंची असेल तरच चालतं.

आडवी_तार
अवांतर: १९९४-९५ मध्ये ग्रोझ्नीत (चेचन्याच्या राजधानीत) रशियन तुकड्या उघड्या भाषेत बोलत होत्या आणि समोरचे ऐकत होते. संपर्क जुळवायच्या घाईत कोणी सांकेतिकरण बंद करू नये.

कंपनी_सिग्नल
चार्जर आणि दोन अॅडॉप्टर काढले, आकडे स्वच्छ आले. अँटेना मागच्या अंगणात नेली. आता तुकडी ८०० मीटरवरून ऐकू येते. पण तळघरात उतरली की दोन्हीकडून बंद. आता काय?

डेसिबल
तळघर हे खरोखरच वाटेचं काम आहे, आता दोन्ही दिशा एकदम गेल्या यावरूनच कळतं. तिथे ३०-८८ मागू नका. लांब बोगद्यात तर खालची फ्रिक्वेन्सी आणखी लवकर मरते. जिन्याच्या तोंडाशी एक माणूस ठेवून निरोप पुढे द्या, किंवा सेट वर ठेवून टेलिफोनची तार खाली सोडा. पाझरणारी केबल (जिच्यातून वाटभर सिग्नल बाहेर झिरपतो) टाकायची असेल तर तिचा प्रकार, तळघराची लांबी आणि वळणं किती ते सांगा.