फिरतीवर सायकल दुकानं: दिवसाला सहा, की तीन आणि तीही आतल्या खोलीत?

तेलकट_बाही (धागाकर्ता)

पुरवठादार कंपनीचा प्रतिनिधी गाडी घेऊन फिरतीवर निघतो आणि स्वतंत्र सायकल दुकानांना भेटी देतो, त्याबद्दल हा धागा. स्वतंत्र म्हणजे कुठल्याही साखळीत नसलेली, जिथे बहुतेक वेळा मालकच पाना धरतो. (दुकानांच्या साखळीबद्दल बोलतोय. दुसऱ्या साखळीतून कुणाचीच सुटका नाही.)

फिरतीचा रूढ हिशोब दिवसाला सहा दुकानांचा. माझं म्हणणं, तीनच करा, आणि त्यातला निम्मा वेळ काउंटरवर न घालवता आत दुरुस्तीच्या स्टँडपाशी घालवा.

गणित मांडून बघा. दुकान आठ तास उघडं धरू. सहा थांबे म्हणजे मधले पाच टप्पे, प्रत्येकी ४० मिनिटं धरली तर २०० मिनिटं रस्त्यावर. उरली २८०, म्हणजे दुकानामागे ४६. गाडी लावणं, नमस्कार-चमत्कार, मालकासमोरचं गिऱ्हाईक निघेपर्यंत ताटकळणं, यात २० गेली. उरलेल्या २६ मिनिटांत कॅटलॉग उघडतो आणि मिटतो. तीन थांबे केले तर रस्ता ८० मिनिटांचा, दुकानामागे दोन तास सहज निघतात, वर जेवणही होतं.

या दोन तासांत आधी अडकून पडलेल्या सायकली मोजायच्या. दुरुस्तीला आलेल्या सायकलीच्या हँडलला चिठ्ठी लटकत असते. 'पार्ट यायचाय' अशा चिठ्ठ्या वाचा, कोणता पार्ट आणि कधीपासून ते टिपा. त्या चार-पाच ओळी म्हणजेच दुकानाची खरी मागणी. महिन्याच्या टार्गेटचा कागद नंतर काढा.

उदाहरण कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं घेऊ. '१२ स्पीड (बारा चक्रांची) कॅसेट' मागवली की काम झालं असं वाटतं, पण मागच्या हबवरचा (चाकाच्या मध्यावरचा) फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर चढते तो भाग, तीनपैकी कुठल्याही घडणीचा असू शकतो: शिमानो कंपनीचा हायपरग्लाइड, स्रॅम कंपनीचा एक्सडी, नाहीतर शिमानोचाच मायक्रोस्प्लाइन. दहा दातांचं चक्र हायपरग्लाइडवर मावत नाही, म्हणून पुढचे दोन आले. त्यात ११ स्पीडचा रोड फ्रीहब जुन्यापेक्षा १.८५ मिमी लांब. त्यावर १० स्पीडची कॅसेट चढवली की लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) ४० न्यूटन मीटरला आवळूनही कॅसेट खुळखुळते. कॅसेट खराब नसते, हबही नसतो. मागे १.८५ चा स्पेसर (पातळ चकती) हवा असतो, आणि शिमानोच्या बऱ्याच १० स्पीड रोड कॅसेटना त्याच्या जोडीला १ मिमीचा. दोन चकत्यांसाठी सायकल आठवडाभर लटकते. काउंटरवर उभं राहून हे दिसत नाही.

गल्ला_आणि_ग्रीस

असहमत. दुकानाच्या बाजूने लिहितो.

प्रतिनिधीचे दोन तास म्हणजे मेकॅनिकचेही दोन तास, कारण आतल्या खोलीत एकटं कुणी सोडत नाही. स्टँडवरची सायकल गिऱ्हाईकाची असते. पाहुण्याने हात लावला आणि डिस्कला बोटाचं ग्रीस लागलं, की ब्रेक किंचाळण्याची तक्रार दुकानावर. तेवढ्या वेळात दोन्ही हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड होतात (तेलातली हवा काढून होते), एका चाकाची आउट (वाकडेपणा) काढून होते आणि चेन-कॅसेट बदलून सायकल घरी जाते.

भेट कशी असावी? तीन दिवस आधी निरोप, त्यात अडकलेल्या ऑर्डरींची यादी, येणं असलेल्या क्रेडिट नोट आणि उघड्या वॉरंटी दाव्यांचे क्रमांक. हे वाचून आलेल्या माणसाला २६ मिनिटं भरपूर होतात. न वाचता आलेल्याला दोन तास दिले तरी तो शेवटी विचारतो, 'मग, धंदा कसा काय?'

वारही बघा. शनिवार नकोच. सोमवारी सकाळी सुट्टीत मोडलेल्या सायकलींची रांग असते. मंगळवार ते गुरुवार, दुकान उघडल्यावर पहिला तास सोडून.

नोंदवही

मुळात जायचंच कशाला? साठा पोर्टलवर दिसतो, ऑर्डर पोर्टलवर पडते, वॉरंटीचे फोटो फोनवर जातात. तेलकट_बाही यांच्याच हिशोबात दिवसाला ८० ते २०० मिनिटं कुणीतरी नुसतं स्टिअरिंग धरून बसलंय. ती मिनिटं दुकानांना फोनवर द्या. फ्रीहबचा फोटो मागवला की एक्सडी की मायक्रोस्प्लाइन हे लगेच कळतं. स्पेसरसाठी गाडी चालवत यायची गरज नाही.

व्हर्नियर

फ्रीहब फोटोत कळतो, मान्य. बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे फ्रेममध्ये पेडलांचा आस जिथे फिरतो तिथलं भोक कळत नाही.

प्रेसफिट (जिथे त्या आसाच्या बेअरिंगचे कप आट्यांशिवाय नुसते दाबून बसवतात अशा) फ्रेममधून 'कुरकुर येते' हा वॉरंटीतला सगळ्यात वादाचा दावा. आधी बाकीचे संशयित तपासायचे: पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट, सीटपोस्टची पकड, हँगरचा (गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्याला लटकतो त्या तुकड्याचा) बोल्ट, मागचा थ्रू अॅक्सल (चाकातून आरपार जाणारा दांडा). प्रत्येक काढून, पुसून, ग्रीस लावून, ठरलेल्या टॉर्कने परत. निम्मी कुरकुर इथेच मिटते. तरी राहिली तर कप काढून शेल (फ्रेममधलं ते भोक) मोजायचं. माप बीबी ८६ किंवा ९२ असेल तर आतला व्यास ४१ मिमी, पीएफ ३० असेल तर ४६. दोन्ही बाजूंना मोजायचं, आणि प्रत्येक बाजूला काटकोनात दोनदा. दोन आकडे वेगळे आले तर भोक लंबगोल आहे, कितीही नवे कप ठोका, महिन्यात आवाज परत.

आणि नावाला न जागता सांगतो, याला व्हर्नियर (जबड्यांची मोजपट्टी) पुरत नाही. त्याचे जबडे गोल भोकात नीट टेकत नाहीत, शतांश मिलिमीटरची बातच सोडा. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर लागतं. छोटं दुकान वर्षातून दोनदा लागणारं हत्यार घेऊन ठेवणार नाही. प्रतिनिधीच्या गाडीत एक संच असला तर पाच आठवडे फोटो-फोटो खेळण्यापेक्षा दावा जागेवर मंजूर नाहीतर नामंजूर होतो. म्हणून मी तीन थांब्यांच्या बाजूचा.

शिमानोच्या क्रँकचं (पेडल ज्याला बसतं त्या दांड्याचं) प्रकरणही आठवा. सप्टेंबर २०२३ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ६,८०,००० क्रँक परत तपासायला काढले. जुलै २०१९ पूर्वी बनलेले, ११ स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस मालिकांचे. अॅल्युमिनियमचे दोन तुकडे चिकटवून पोकळ क्रँक केलेला, ती चिकटवणच सुटत होती. क्रँकच्या मागच्या अंगाला, पेडल बसतं तिथे, दोन अक्षरी कोड असतो. तो यादीत असेल तर सांधा पूर्ण स्वच्छ करून उजेडात बघायचा. वरवर पुसलेल्या क्रँकवर मातीची रेघ आणि सुटलेला सांधा सारखेच दिसतात. असं काम एकदा कुणी शेजारी उभं राहून दाखवलं तर चुका टळतात.

नोंदवही

तुम्ही माझीच बाजू मांडलीत! ती तपासणी दुकानांनीच केली, प्रतिनिधीची वाट न बघता, आलेल्या सूचना वाचून. लाखो क्रँक दाखवायला किती गाड्या लागल्या असत्या?

गेजचा मुद्दा मात्र खरा आहे. पण तो गेज कुरियरने फिरवता येतो. हत्यार फिरतीवर पाठवा, माणूस कशाला?

व्हर्नियर

मायक्रोमीटर कुरियरच्या आदळआपटीतून आल्यावर आधी शून्य तपासावं लागतं. आणि मोजणारा दाव्यात स्वतःच पक्षकार असेल तर त्याच्या आकड्यावर कंपनी पुन्हा शंका घेणार. इथे हत्याराइतकाच त्रयस्थ हात महत्त्वाचा.

डिकीभर_माल

किती थांबे यावर वाद चाललाय, पण डिकीत काय आहे याबद्दल कुणीच बोलत नाही. रिकाम्या गाडीने केलेली भेट म्हणजे गप्पा. अडलेली सायकल त्याच दिवशी सोडवायची तर हे जवळ हवं: वरचे दोन्ही स्पेसर, वॉल्व्ह कोअर, ब्रेकच्या नळीचे ऑलिव्ह आणि बार्ब (सांधा घट्ट करणारे छोटे तुकडे; नळी कापली की दर वेळी नवे, आणि शिमानोचे स्रॅमला चालतील असं गृहीत धरू नका), तीन-चार रुंदीच्या ट्यूबलेस टेप (ट्यूब नसलेल्या चाकात रिमला आतून लावायच्या). टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त. २५ ची रिम असेल तर २७-२८. अरुंद टेप कडेने हवा सोडते आणि शिव्या टायरला बसतात.

ब्रेकचं तेल छोट्या बाटल्यांत ठेवा. डॉट तेल (ब्रेकच्या तेलाची एक जात, दुसरी मिनरल) हवेतली ओल ओढतं, म्हणून महिन्याला दोन-तीन ब्रेक करणाऱ्या दुकानाला लिटरची बाटली विकणं म्हणजे पुढच्या तक्रारीची आगाऊ नोंदणी. मिनरल आणि डॉटच्या सिरिंज वेगळ्या रंगाच्या द्या. अदलाबदल झाली की सील फुगतात किंवा मऊ पडतात, लिव्हर परत येत नाही, मग नुसतं धुऊन भागत नाही, सील असलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो.

डिकीत ठेवू नये ते सीलंट (टायरमधली भोकं बुजवणारं द्रव). लेटेक्सचं असतं, उन्हात तापलेल्या गाडीत गुठळ्या होतात आणि पुढे वॉल्व्हमध्ये अडकतात.

हँगरचा डबा मात्र घेऊन फिरणं आता बंद केलं तरी चालेल. स्रॅमने २०१९ मध्ये युनिव्हर्सल हँगर आणला, बऱ्याच नव्या फ्रेमना तोच बसतो.

गल्ला_आणि_ग्रीस

हँगरवर थांबा जरा. नव्या सायकली नव्या असतात, त्या दुरुस्तीला कमी येतात. वाकलेल्या हँगरसह येते ती २०१९ आधीची, आणि तिचा हँगर फक्त तिलाच बसतो. डबा ठेवाच. युनिव्हर्सलचेही पाच-सहा ठेवा, आणि सोबत चिठ्ठी लावा: बोल्टचे आटे उलटे आहेत, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचा, २५ न्यूटन मीटर. सवयीने उजवीकडे फिरवून 'आटे गेले' म्हणून परत पाठवणारे आहेत.

डिकीतून माल द्यायला हरकत नाही, पण बिल त्याच दिवशी फाडा. सुटा माल, बॅच क्रमांक नाही, पुढे परत मागवायची वेळ आली तर कोणता पार्ट कोणत्या सायकलीत गेला ते कुणी सांगायचं?

चढावर_बॅटरी

डेमोसाठी ई-बाइक नेणाऱ्यांसाठी. गाडीच्या मागच्या हुकवर लावायच्या रॅकचं वजनही मर्यादेत धरायचं असतं. हुकजवळच्या पट्टीवर ७५ किलो लिहिलंय समजा. रॅक १८ ते २० किलोचा, २५ किलोच्या दोन ई-बाइक, झाले जवळपास ७०. तिसरी नाही. रॅकवर आणखी दोघांची जागा दिसते, ती जागा साध्या सायकलींसाठी आहे.

बॅटरी काढून गाडीत आत ठेवा, प्रत्येकी तीन-साडेतीन किलो तरी हुकवरून कमी होतात. फ्रेममधल्या संपर्कांवर झाकण लावा, नाहीतर पावसात हायवेच्या वेगाने पाणी थेट आत शिरतं. बॅटरीसुद्धा उन्हात बंद गाडीत दिवसभर ठेवू नका. कार्बन फ्रेम नळीला चिमटा लावून धरू नका. दोन सायकलींमध्ये पेडल आड येतात, ती काढून टाका, १५ मिमीचा पाना आणि दोन मिनिटं. (डावं पेडल उलट फिरतं, हे अजूनही लिहावं लागतं.) हे केलं नाही तर पहिल्या दुकानात उतरवताना शेजारच्या सायकलीच्या पेडलने मागचा डिरेलर आत ढकललेला सापडतो आणि डेमोला निघालेल्या नव्या सायकलीचे गिअर उड्या मारतात.

एक महत्त्वाचं. दुकानदार म्हणाला 'ही खराब बॅटरी जाताना कंपनीत घेऊन जा', तर नाही म्हणा. पडलेली, फुगलेली किंवा भिजलेली लिथियम बॅटरी अशी डिकीत टाकून न्यायची नसते, साध्या कुरियरनेही जात नाही. तिच्यासाठी वेगळं पॅकिंग आणि वेगळी वाहतूक लागते, ती कंपनीने लावून द्यायची.

नोंदवही

म्हणजे हिशोब असा: स्पेसर, तेल, टेप, हँगर, दोन ई-बाइक, एक मायक्रोमीटर. याला आपण विक्री प्रतिनिधी म्हणतोय की फिरतं गोदाम?

तेलकट_बाही (धागाकर्ता)

गोदाम म्हणा, चालेल. निदान गोदामाकडे पार्ट असतो.

गल्ला_आणि_ग्रीस यांचा आधी निरोप पाठवण्याचा मुद्दा पूर्ण मान्य. तो घेऊन माझा प्रस्ताव बदलतो. निरोपात दुकानाला एकच प्रश्न विचारायचा: 'पार्टवाचून किती सायकली थांबल्यात?' तीन किंवा जास्त असतील तर दोन तासांची भेट, सोबत पार्ट. एक-दोन असतील तर पार्ट द्यायचा, सही घ्यायची, पंधरा मिनिटांत बाहेर. एकही नसेल तर त्या फेरीत तिथे जायचंच नाही, फोन करायचा. म्हणजे कधी दिवसाला तीन होतील, कधी पाच. स्टँडवरच्या सायकलीला हातही मेकॅनिकने सांगितल्याशिवाय लावायचा नाही.

थांब्यांचा कोटा ठरवायला माझा विरोध कायम आहे. सहाचा कोटा दिला की पाचव्या-सहाव्या दुकानात माणूस फक्त हजेरी लावायला जातो, आणि नेमकी ती दुकानं मुख्य रस्त्यापासून लांबची असतात, जिथे पार्ट सगळ्यात उशिरा पोचतो.

गल्ला_आणि_ग्रीस

यावर निम्मा सहमत. 'किती थांबल्यात' याचं उत्तर दुकानदार खरं देईलच असं नाही. पाच थांबल्यात म्हणणं म्हणजे उधारी संपली हे सांगण्यासारखं असतं कधी कधी. निरोप पाठवण्याआधी स्वतःच्या हिशोब खात्याला विचारा की या दुकानाचा माल थकबाकीपायी अडवून तर ठेवलेला नाही ना. तसं असेल तर आधी तो प्रश्न सोडवून या.

आणि गाडी दारासमोर लावू नका. ती जागा पंक्चर सायकल ढकलत आणणाऱ्याची.