ड्युरानला विकायचं की ठेवायचं? बोस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल टीमची आउटफिल्ड, २०२५ नंतर (चाहत्यांच्या फोरमवरची चर्चा, नोव्हेंबर २०२५)

कुंपणापलीकडचा

गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम फिल्डिंगची बक्षिसं, जाहीर झाली. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, सेंटरला सेडॅन राफाएला, राइटला विल्यर अब्रेयू. अब्रेयूचा सलग दुसरा. म्हणजे अख्ख्या अमेरिकन लीगमधल्या आउटफिल्डच्या तीन बक्षिसांपैकी दोन आपल्या बोस्टनच्या घरात, आणि तरी ऑक्टोबरात यांकीजनी आपल्याला तीन मॅचमध्ये गुंडाळलं.

माझं मत सरळ आहे. आपला लेफ्ट फिल्डर जॅरन ड्युरान, त्याला या हिवाळ्यात विका, त्याच्या बदल्यात चांगला पिचर आणा. लेफ्टला रोमन अँथनी कायमचा. आणि राफाएलाला सेंटरमधून कुठल्याही सबबीवर हलवू नका, बॅटने त्याचं काहीही होवो.

यांकीजविरुद्धची दुसरी मॅच आठवा. त्यांच्या ॲरन जजचा लेफ्टकडे झपकन खाली येणारा फटका ड्युरानच्या ग्लोव्हला लागून सुटला आणि त्यांचा ग्रिशम घरी पोचला, रन झाला. कागदावर तो हिट आहे, एरर (फिल्डरची चूक) नाही. पण मॅच आपण ४-३ ने हरलो, एका रनने. तिसऱ्या मॅचच्या चौथ्या डावात बेलिंजरचा उंच गेलेला चेंडू सेंटर आणि राइटच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला आणि त्यातून चार रन झाले. तिथे निदान दोघे पळत तरी होते.

आपल्या मैदानाची, फेनवेची, लेफ्ट फिल्ड लहान आहे. फाउल पोल (हद्दीचा खांब) ३१० फुटांवर, मागे ३७ फुटी भिंत. तिथे ड्युरानच्या पायांतला वेग निम्मा वाया जातो. भिंतीवरून चेंडू कुठे उसळणार हे आधी ओळखणारा आणि पटकन फेकणारा माणूस तिथे लागतो. वेग लागतो तो सेंटरला आणि राइटला, कारण तिकडे मैदान ३८० आणि ४२० फुटांपर्यंत पसरलंय. पण त्या दोन्ही जागा भरलेल्या आहेत.

वर ड्युरान, अब्रेयू, अँथनी आणि योशिदा, चौघेही डावखुरे. समोरच्याने फ्रीड आणि रोडोन असे दोन डावखुरे पिचर पाठोपाठ उतरवले की आपली निम्मी लाइनअप बेंचवर.

स्कोअरकार्ड

एका सुटलेल्या चेंडूवरून माणूस विकायला निघालात!

२०२४ मध्ये याच ड्युरानने ४८ डबल (दोन बेसचे फटके) आणि १४ ट्रिपल (तीन बेसचे) मारले, दोन्हीत लीगमध्ये पहिला. ऑल-स्टार मॅचचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). २०२५ उतरतं गेलं हे मान्य, तरी १६ होम रन आणि २४ चोरलेले बेस. यालाच 'वाईट वर्ष' म्हणायचं असेल तर मला असे अजून तीन द्या. शिवाय तो २०२८ पर्यंत आपल्या हातात आहे, तेही बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्तात.

२०२० च्या फेब्रुवारीत मुकी बेट्सला लॉस एंजेलिसला पाठवलं तेव्हाही अशीच हिशेबी भाषा होती. गेल्या जूनमध्ये डेव्हर्स गेला. दर दोन-चार वर्षांनी या क्लबला आपला सगळ्यात चांगला माणूस विकायची उबळ येते आणि आपणच त्याला कारणं पुरवतो.

जर्सीकर

एडिसनहून यांकीजवाला बोलतोय, शिव्या हळू द्या. ड्युरान जरूर विका. आमच्या डिव्हिजनबाहेर विकू नका म्हणजे झालं, लेफ्टमध्ये असा मदत करणारा माणूस रोज रोज भेटत नाही.

सोमरव्हिलची काकू

जर्सीकर, जास्त बोलू नकोस. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या मॅचला ५-० ने पुढे असताना सेंटरला सरळ हातात आलेला झेल कोणी टाकला होता? आणि यंदाच्या पहिल्या मॅचला आपला सॉगार्ड सिंगलवर दुसऱ्या बेसपर्यंत पळाला तो कोणाच्या खांद्याकडे बघून? राइटला तुमचा जजच उभा होता. पुढच्याच फटक्यावर योशिदाने दोघांना घरी आणलं.

आता मुद्द्यावर. मी अर्धी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, राफाएलापुरती. २०१८ ची आउटफिल्ड आठवते का कुणाला? बेनिनटेंडी, जॅकी ब्रॅडली, बेट्स. ब्रॅडलीची त्या वर्षीची ॲव्हरेज .२३४. लोक रोज म्हणायचे, याला बसवा. ह्यूस्टनविरुद्धच्या लीग फायनलमध्ये त्याने हिट मारले मोजून तीन, पण त्या तिनांत नऊ रन घरी आणले आणि एमव्हीपी झाला. त्याच सिरीजच्या चौथ्या मॅचला नवव्या डावात बेस भरलेले, दोन आउट, आणि बेनिनटेंडीने लेफ्टमध्ये पुढे झेपावून झेल घेतला. तो सुटला असता तर मॅच हातची गेली असती. फटका होता ॲलेक्स ब्रेगमनचा, तेव्हा तो त्यांच्याकडे होता, २०२५ मध्ये आपल्याकडे.

१०८ मॅच जिंकलेली टीम होती ती. लेफ्टला 'कोणीही चालेल' म्हणणाऱ्यांनी तो झेल पुन्हा बघावा.

शून्य आउट

काकू, तुम्ही २०१८ काढलंत, मी २००४ आणि २००७ काढतो. दोन्ही वर्षी लेफ्टला मॅनी रामिरेझ होता. त्याची फिल्डिंग बघताना पोटात गोळा यायचा. दोन ट्रॉफ्या आल्या, २००४ ला सिरीजचा एमव्हीपीही तोच. फेनवेच्या लेफ्टमध्ये बॅट लपवता येत नाही, फिल्डर लपवता येतो. सत्तर-ऐंशी वर्षांत या क्लबने तिथे विल्यम्स, यास्ट्रेमस्की, राइस असे बॅटवालेच उभे केले.

सोमरव्हिलची काकू

यास्ट्रेमस्कीकडे सात गोल्ड ग्लोव्ह होते. त्याला या यादीत कुठे घुसवलंत?

आणि ड्युरान म्हणजे मॅनी नव्हे. मॅनीइतकी बॅट असेल तर ग्लोव्ह घरी विसरून आला तरी मी त्याला डबा करून देईन.

ठाणेकर इन वूस्टर

तुम्ही सगळे आउटफिल्डवर भांडताय, पण दुखणं इनफिल्डमध्ये आहे. जूनमध्ये दुसऱ्या बेसवरच्या कॅम्पबेलला खालच्या लीगमध्ये पाठवलं, जुलैत मायरचं मनगट गेलं, आणि दुसऱ्या बेसवर उभं कोणाला केलं? राफाएलाला! देशातल्या सर्वोत्तम दोन-तीन सेंटर फिल्डरपैकी एकाला. तो मुळात शॉर्टस्टॉप होता हे ठीक, पण म्हणून काय रोज त्याला उचलून आत ठेवायचं? तेव्हा सेंटरला ड्युरान, लेफ्टला अँथनी, म्हणजे एका भोकाला ठिगळ लावायला तीन जागा हलवल्या.

मॅनेजर ॲलेक्स कोराला ही सवय जुनी आहे. माणूस लवचिक आहे म्हटलं की तो त्याला वाकवतच राहतो.

मला ड्युरान ठेवायलाही हरकत नाही आणि विकायलाही. पण विकलाच तर पिचर नको, रोज खेळणारा उजवा बॅटर आणा, इनफिल्डचा. ब्रेगमनने करारातून अंग काढून घेतलंय, तो परत येईलच याची खात्री कोण देतंय?

एकोणीसशे बारा

जुना प्रेक्षक म्हणून एक आठवण करून देतो. जुलै २०२२, टोरोंटोविरुद्ध, ज्या मॅचमध्ये आपण २८-५ असा मार खाल्ला. त्यांच्या टापियाचा चेंडू ड्युरानला संधिप्रकाशात दिसलाच नाही, तो मागे पडला, आणि ड्युरान त्यामागे धावलाही नाही. लेफ्टवरून व्हर्डुगो पळत आला. चेंडू मैदानाबाहेर न जाताच चार रन, इनसाइड-द-पार्क ग्रँड स्लॅम. झेल सुटणं मी माफ करतो. न धावणं नाही.

स्कोअरकार्ड

हे येणार हे माहीत होतंच. तीन वर्षांपूर्वीची, पोराच्या सुरुवातीच्या काळातली एक संध्याकाळ! त्या वर्षी तो मनाने किती खोल गर्तेत होता, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. कॉलेजात दुसऱ्या बेसवर खेळणारा मुलगा, त्याला सेंटरला नेऊन उभं केलं, आणि त्या संध्याकाळनंतर दोन वर्षांत तो ऑल-स्टार झाला. यात तुम्हाला आळशीपणा दिसतो? २०२४ नंतर तो एकदा तरी ढिला पळालेला दाखवा.

एकोणीसशे बारा

ढिला नाही पळत. चुकीच्या दिशेने पळतो, फार वेगाने.

कुंपणापलीकडचा

माणूस म्हणून ड्युरानविषयी माझ्या मनात आदर आहे. मी जागेचा हिशेब मांडतोय. अँथनी २१ वर्षांचा, ७१ मॅच खेळला, दर शंभर वेळेला जवळजवळ चाळीसदा बेसवर पोचला. ऑगस्टात त्याला आठ वर्षांसाठी १३ कोटी डॉलर दिलेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला बरगडीजवळचा स्नायू दुखावला आणि ऑक्टोबरात तो नव्हता, हे आपल्या हरण्यामागचं मुख्य कारण. तो बरा होऊन येईल तेव्हा कुठे खेळणार? डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग)? २१ व्या वर्षी, एवढा चांगला हात असलेल्या पोराला?

चार चांगले आउटफिल्डर आणि जागा तीन. चौथ्याची किंमत आज बाजारात सगळ्यात जास्त आहे. पुढच्या वर्षी असाच अजून एक उतरता मोसम गेला तर ती राहणार नाही.

शून्य आउट

मग अब्रेयूला विका ना. २२ होम रन, दोन गोल्ड ग्लोव्ह, किंमत त्याचीही येईल. डावखुऱ्या पिचरसमोर त्याला तसाही बसवतातच. अँथनी राइटला, ड्युरान लेफ्टला.

सोमरव्हिलची काकू

फेनवेच्या राइटमध्ये उभं राहून बघितलंय का कधी? सहल म्हणून मैदान दाखवतात, जाऊन या. पेस्की पोल, म्हणजे राइटच्या फाउल पोलजवळ कुंपण कमरेएवढं आणि ३०२ फुटांवर, तिथून ते एकदम मागे वळत बुलपेनकडे (पिचरांच्या सरावाच्या जागेकडे) जातं. दुपारी सूर्य डोळ्यांत. तिसऱ्या बेसकडे पळणाऱ्याला अडवायचं तर तिथूनच तोफ डागावी लागते. अब्रेयूचा हात ती तोफ आहे. आउटफिल्डमध्ये ड्युरानची जागा दुसरा कोणी घेऊ शकतो, अब्रेयूची नाही.

ठाणेकर इन वूस्टर

काकूंना +१.

आणि राफाएलाला बॅटिंगमध्ये नवव्या नंबरवर ठेवा, मग कोणाला त्रास नाही. शंभरात तीसदाही बेसवर पोचत नाही, जमिनीवर आपटणाऱ्या चेंडूलाही बॅट लावतो. सगळं खरं. पण डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या डावात सेंटरच्या भिंतीवर ट्रिपल मारून प्लेऑफचं दार त्यानेच उघडलं.

जर्सीकर

दार उघडून आत आलात, आम्ही चहा दिला आणि परत पाठवलं.

स्कोअरकार्ड

जर्सीकर यांना कोणीतरी आवरा.

माझी लाइनअप लिहून ठेवतो, उजव्या पिचरविरुद्ध. अँथनी लेफ्ट, पहिल्या नंबरवर. ड्युरान डीएच, दुसऱ्यावर. अब्रेयू राइट, पाचव्यावर. राफाएला सेंटर, नवव्यावर. आठवड्यातून दोनदा अँथनी डीएच आणि ड्युरान लेफ्टला. कोणालाही विकायची गरज नाही. योशिदा बेंचवर, वेळेला बॅट घेऊन येईल. यांकीजविरुद्धच्या पहिल्या मॅचला सातव्या डावात रेफस्नायडरच्या जागी आला तसाच.

कुंपणापलीकडचा

पाच वर्षांसाठी नऊ कोटी डॉलर घेतलेला माणूस बेंचवर?

स्कोअरकार्ड

ते नऊ कोटी तो बेंचवर बसला तरी जाणार आणि मैदानात उतरला तरी जाणार. ते वाचवायला ड्युरानला का घालवायचं?

एकोणीसशे बारा

मग ड्युरानला डीएच करायला तरी माझी काहीच हरकत नाही. मैदानात नाही ना, बास.