मदत हवी आहे: 'कॉइल'ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, नमस्कार.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या अग्रशाळेत (आवारातल्या धर्मशाळेत) पुढच्या आठवड्यात एक छोटं प्रदर्शन भरतंय. घराघरांतून मागून आणलेल्या जुन्या-नव्या वस्तू, थोडे फोटो आणि प्रत्येकापुढे एक चिठ्ठी. चिठ्ठ्या माझ्या भाच्याने लिहिल्यात, त्याही इंग्रजीत. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आता इंजिनिअरिंग. आमच्याकडे बऱ्याच मुलांचं असंच होतं. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते म्हणून मराठी करायचं काम माझ्या गळ्यात.

अडलंय एकाच शब्दापाशी. भाच्याचा 'कॉइल'वर फार जीव. फोटोत बसलेला नाग? कॉइल. रांपणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्याचा दोर? कॉइल. अबोलीची फाती माळलेला अंबाडा, कळशीखालची चुंबळ, डासांची कॉइल, विहिरीवरच्या जुन्या पंपातली तांब्याची तार, सगळ्यांना कॉइल. कोश उघडला तर वेटोळे, गुंडाळी, वेढा, वळसा, विळखा, कुंडल, सर्पिल अशी रांगच लागली. मी आधी सरसकट 'सर्पिल' टाकून मोकळी झाले होते. घरी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सर्पिल अंबाडा? कोणाच्या डोक्यात साप सोडतेस?"

सगळीकडे चालेल असा एक शब्द आहे का?

शिवाय एक भलतीच चिठ्ठी आहे. पंप ज्यांचा होता ते आजोबा आता नाहीत. भाच्याने लिहिलंय की ते 'मॉर्टल कॉइल' सोडून गेले. मी त्याचं 'देहाचा विळखा सोडला' असं केलंय, पण वाचताना मला अजगरच आठवतो. कृपया सुचवा, छपाई शुक्रवारी आहे.

वायरमन फोंडा:
ताई, पंपापुरतं सांगतो. गिऱ्हाईक आमच्याकडे 'कॉइल गेली' म्हणत येत नाही, 'वाइंडिंग जळलं' म्हणत येतं. दोन्ही एक नव्हेत. इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे फेरे साच्यावर मोजून घ्यायचे, ती झाली एक कॉइल. अशा कॉइल स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत बसवायच्या, टोकं जोडायची, दोऱ्याने आवळून बांधायच्या, वर वार्निश पाजायचं, की झालं वाइंडिंग. जळलेली मोटर उघडली की आधी वास येतो, तार नंतर दिसते, काळी ठिक्कर. तुम्ही 'तारेचे वेढे' लिहा. वेढे मोजता येतात आणि आमचं सगळं काम त्या मोजण्यावरच आहे.

शाळेच्या पुस्तकात सोलेनॉइडला, म्हणजे तारेच्या लांब नळीसारख्या गुंडाळीला, 'नालकुंतल' म्हणतात. कुंतल म्हणजे केसांची बट. म्हणजे तुमच्या अंबाड्याचं आणि पंपाचं नातं निघालं की! पण तो शब्द घेऊन दुकानात जाऊ नका, तार मिळायची नाही.

मांडवीकाठ:
एक शब्द मिळणार नाही. आपल्याकडे नुसता आकार बघून भागत नाही, कोण कोणाभोवती आहे ते बघावं लागतं. नाग स्वतःशीच गोल होऊन बसला तर वेटोळं. कुत्रंही पावसात ओसरीवर वेटोळं करून निजतं, त्यात भ्यायचं काही नाही. अजगराने बकरी धरली की तो विळखा. म्हणून कर्जाचा विळखा असतो, कर्जाचं वेटोळं कोणी ऐकलंय? वेढा गडाला पडतो. वळसा घालून माणूस पुढे निघून जातो. आणि पीळ दोराच्या अंगातला, सुंभ जळला तरी न जाणारा. तुमचा नाग फोटोत एकटा बसलाय ना, मग 'वेटोळे घालून बसलेला नाग'.

चुंबळ आणि अंबाड्याला तर नावंच आहेत. 'कापडाची गोल गुंडाळी' वगैरे कशाला? चुंबळ लिहा, खाली फार तर 'कळशी डोक्यावर टेकायला' एवढं.

दोराची गोष्ट जरा मजेशीर आहे. इंग्रजी 'कॉइल'चं मूळ जुन्या फ्रेंचमधून लॅटिन 'कोलिगेरे'पर्यंत जातं. अर्थ, गोळा करणे. 'कलेक्ट' त्याचाच सख्खा भाऊ. १७व्या शतकात तो इंग्रजीत रुळला तो जहाजावरचा दोर नीट आवरून ठेवण्याच्या कामात. गोलपणा नंतर चिकटला. मग रांपणीच्या दोरापुढे 'आवरून ठेवलेला दोर' का नको? मूळ अर्थाला धरून आहे आणि कोणालाही कळेल.

मॉर्टल कॉइल मात्र काढाच! तो कॉइल वेगळा आहे, उच्चार तेवढा सारखा. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधला तो शब्दप्रयोग, आणि त्या काळी या कॉइलचा अर्थ होता गलबला, धांदल. विळखा, वेटोळं, काहीच नाही. 'संसाराच्या यातायातीतून सुटले' असं करा.

भूमितीवाला:
सर्पिल अगदीच टाकून देऊ नका. सपाट जागेवर मधून निघून बाहेर बाहेर पसरत जाणारी रेघ म्हणजे सर्पिल. चकली, डासांची कॉइल, हे त्यात बसतं. पेनातली स्प्रिंग बसत नाही, कारण ती पसरत नाही, दांड्याभोवती चढत जाते. तिच्यासाठी 'मळसूत्र' हा झकास शब्द पडून आहे, स्क्रूच्या आट्यांचा. इंग्रजीतही हा घोळ आहेच. ज्याला ते स्पायरल जिना म्हणतात तो भूमितीत हेलिक्स. आपण चक्री जिना म्हणतो आणि वर जातो.

अवांतर: डासांची कॉइल आधी सरळ होती, उदबत्तीसारखी. जपानच्या एइइचिरो उएयामा यांनी काढलेली, पण पाऊण तासात संपायची. ती गोल वळवायची कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची. वेटोळं घातलेला साप बघून सुचली असं सांगतात. गोल कॉइल १९०२ मध्ये बाजारात आली. लांबी वाढली, काडी मात्र तळहातावर मावली, म्हणून रात्र निघते. पाकिटात दोन-दोन एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि सोडवताना एक तरी मोडतेच, यावर अजून कोणी उपाय काढलेला नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं! एक राहिलंच. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर जी चित्रं कोरलेली आहेत, त्यातल्या गोल चित्राचा फोटोही लावतोय. भाचा अर्थातच तिथेही कॉइल म्हणतोय.

मांडवीकाठ:
अजिबात नको. कॉइलची वाट एकाच दिशेने फिरत राहते, या चित्रातली वाट मागे-पुढे वळणं घेते. त्याला चक्रव्यूह म्हणा. चिठ्ठीत १९९३ साली ही चित्रं अभ्यासकांसमोर आली एवढं टाका आणि 'चित्रांवर पाय देऊ नये' हे मोठ्या अक्षरांत.

धागाकर्ती:
चिठ्ठ्या आज छापायला दिल्या. नाग वेटोळ्यात, तार वेढ्यांत, दोर आवरलेला, आजोबा यातायातीतून सुटले. भाच्याने मळसूत्र वहीत लिहून घेतलं.

डासांच्या कॉइलपुढे मी हौसेने 'डासांची सर्पिल उदबत्ती' लिहिलं होतं. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही कसली गो? कॉइल लिही की सरळ."