मदत हवी आहे : खान्देशी वाळवणाच्या छोट्या ऑनलाइन दुकानात पुढच्या सोयी कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात सासूबाई, जाऊबाई आणि बचत गटातल्या काही जणी मिळून आम्ही उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, काळा मसाला आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ तयार करतो. पूर्वी हा माल ओळखीपाळखीने जात असे. आता वर्डप्रेसवर वूकॉमर्स ही दुकानाची प्रणाली बसवून आमचे स्वतःचे ऑनलाइन दुकान सुरू आहे. ग्राहक बहुतेक आपलेच, म्हणजे पुणे, नाशिक, कल्याण आणि सुरत येथे स्थायिक झालेली खान्देशी कुटुंबे. सुरतेला मसाला पाठवणे ही परराज्यातली विक्री असल्याने उलाढाल लहान असूनही जीएसटी नोंदणी केलेली आहे, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक पाकिटांवर व दुकानाच्या पानावर दिलेला आहे. त्या बाजूने काही अडलेले नाही.

प्रश्न पुढचा आहे. ज्यांनी आम्हाला दुकान उभारून दिले, त्यांनी आता प्रगत सोयींची मोठी यादी पाठवली आहे. अर्धवट सोडलेल्या खरेदीची ग्राहकाला आठवण करून देणारे संदेश, रिवॉर्ड पॉइंट, चॅटबॉट, विशलिस्ट, 'यासोबत हेही घ्या' अशा शिफारशी, परदेशी चलनातले दर, पिठासाठी मासिक वर्गणी, पिनकोडनुसार पोहोच शुल्क आणि फोटोसह अभिप्राय, असे बरेच काही तीत आहे. यांतल्या बहुतेक प्लगइनचे, म्हणजे दुकानाला वरून जोडायच्या सोयींचे, परवाना शुल्क दरवर्षी भरावे लागते. सगळे घेतले तर पापडाच्या नफ्यातून तो खर्च निघणार नाही, आणि माझ्या मते तो काढायचा प्रयत्नही करू नये, कारण तो नफा उन्हात बसून पापड लाटणाऱ्या बायकांच्या मजुरीतूनच वाचवावा लागेल. म्हणून काय घ्यायचे हे ठरवण्याआधी आमच्या ऑर्डरी नेमक्या कुठे अडतात ते मी पाहिले, आणि तेच येथे मांडते.

सर्वांत मोठी अडचण बिबड्यांची आहे. बिबडा आकाराने मोठा, वाळला की कडक आणि अतिशय नाजूक. खोक्यात चारही बाजूंनी कागदाचे बोळे भरल्याशिवाय तो अखंड पोहोचत नाही. असे 30 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 15 उंच खोके भरले की काट्यावर ते दीड किलोच्या आसपास भरते; पण कुरिअरवाले लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला 5000 ने भागून जे वजन येते ते धरतात, आणि ते होते 2.7 किलो. आमचे दुकान मात्र पाकिटावरच्या वजनाप्रमाणे शुल्क आकारते. मसाल्याच्या ऑर्डरीत हिशेब बरोबर जुळतो, पिठाच्याही जुळतो, आणि बिबड्यांच्या प्रत्येक ऑर्डरीत फरकाची रक्कम आमच्या पदरची जाते. बिबडे विकणे बंद करावे असे घरात कोणी सुचवलेही नाही, कारण मागणी त्यांनाच सर्वांत जास्त आहे. 'बिबडा शेतस का?' असा अहिराणीतला संदेश व्हॉट्सअॅपवर आल्याखेरीज आमचा आठवडा जात नाही.

दुसरी अडचण कॅश ऑन डिलिव्हरीची. आपल्या माणसांकडून पार्सल सहसा परत येत नाही. परंतु दूरच्या, ओळख नसलेल्या पत्त्यांवरून जे परत येते त्याचे जाण्याचे आणि येण्याचे, असे दोन्ही भाडे आम्हालाच भरावे लागते, शिवाय परत आलेले पापड बहुधा चुरा झालेले असतात. सोय पूर्ण काढून टाकावी, तर वयस्कर ग्राहक दुखावतील ही भीती आहे.

तिसरी गोष्ट शोधाची. दुकानात मालाची नावे देवनागरीत आहेत, पण शहरातली मुले मोबाइलवर रोमन लिपीत टाइप करतात, आणि बिबडे हा एकच शब्द तीन-चार प्रकारे लिहितात. त्यांना 'काहीही सापडले नाही' असे उत्तर मिळते, आणि माल संपला असे समजून ते निघून जातात.

चौथी गोष्ट हंगामाची. वाळवणाचे काम होळीनंतर सुरू होऊन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे भरात असते; नवी मिरची आली की मसालाही त्याच दिवसांत कुटला जातो. दिवाळीपर्यंत बराचसा माल संपलेला असतो. त्यानंतर येणाऱ्या ग्राहकाला 'शिल्लक नाही' एवढीच पाटी दिसते, पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवण्याचा मार्ग दिसत नाही.

चॅटबॉट आणि परदेशी चलन सध्या नको, हे माझ्यापुरते ठरलेले आहे. मासिक वर्गणीबद्दल मात्र मन द्विधा आहे. कळण्याचे पीठ ताजे दळलेलेच चांगले लागते, पुण्यातली काही घरे ते महिन्याला मागवतातही, त्यामुळे ही सोय उपयोगी पडेल असे वाटते. पण तिचा परवाना यादीत सर्वांत महाग आहे.

तेव्हा विचारायचे असे की, वरच्या चार अडचणींपैकी किती वूकॉमर्सच्या मूळ मांडणीतूनच सुटू शकतील आणि कशासाठी खरोखर पैसे मोजावे लागतील? ज्यांनी खाद्यपदार्थांचे असे छोटे दुकान चालवले आहे त्यांचा अनुभव मोलाचा ठरेल.

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, आपण प्लगइनच्या यादीपासून सुरुवात न करता अडलेल्या ऑर्डरींपासून केलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी अशा काही दुकानांची देखभाल करतो, त्या आधारे लिहितो.

बिबड्यांसाठी वूकॉमर्समध्ये 'शिपिंग क्लास' नावाची सोय मुळातच आहे. बिबडे व मोठे पापड यांचा एक वेगळा वर्ग करा आणि ठरावीक दराच्या पोहोच पद्धतीत त्या वर्गापुढे जास्तीची रक्कम लिहा. मालाची लांबी, रुंदी, उंची भरण्याचे रकाने तेथे असले, तरी ही ठरावीक दराची पद्धत त्यावरून आकारमानाचे वजन काढत नाही, हे लक्षात ठेवावे. पण आपले खोके जवळजवळ एकाच मापाचे असल्याने वर्गाची रक्कम पुरेशी ठरेल. पिनकोडनुसार शुल्कही फुकटच होते : 'शिपिंग झोन' करताना पिनकोडची यादी किंवा पल्ला देता येतो. सुरतेचा एक, पुणे-नाशिक-कल्याणचा एक आणि उरलेल्या भारताचा एक, असे तीन झोन आपल्याला पुरे आहेत.

याच झोनमुळे दुसरी अडचणही सुटते. कॅश ऑन डिलिव्हरी कोणत्या पोहोच पद्धतींना चालू ठेवायची हे तिच्या सेटिंगमध्ये निवडता येते. पहिल्या दोन झोनांतल्या पद्धतीच तेवढ्या निवडा, म्हणजे आपल्या वयस्कर ग्राहकांची सोय कायम राहील आणि दूरच्या पत्त्यांना आधी पैसे भरावे लागतील.

शोधासाठी आधी पैशांशिवायचा उपाय करून पाहा. वर्डप्रेसचा मूळ शोध शीर्षक, संक्षिप्त वर्णन आणि सविस्तर वर्णन एवढेच चाळतो, टॅग चाळत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूच्या वर्णनाच्या शेवटी तिच्या नावाची रोमन रूपे एका ओळीत लिहून ठेवा. एवढे करूनही भागले नाही, तर शोधाच्या चांगल्या प्लगइनला मी पैसे मोजीन, कारण ग्राहकाला वस्तू दिसलीच नाही तर बाकीच्या सोयींना अर्थ राहत नाही.

हंगामासाठी मालाच्या साठ्याच्या रकान्यात 'बॅकऑर्डर', म्हणजे माल शिल्लक नसतानाही ऑर्डर घेण्याची सोय, ग्राहकाला सूचना देऊन चालू ठेवता येते. तसे केल्यास पैसे आधी येतात, म्हणून माल कोणत्या महिन्यात निघेल ते वर्णनात ठळक लिहिणे आवश्यक आहे. फाल्गुनाच्या फार आधी ही नोंदणी उघडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चार महिने पैसे अडकून पडले की चांगला ग्राहकही अस्वस्थ होतो.

वर्गणी आत्ता घेऊ नये. महिन्याला पीठ नेणाऱ्या घरांची यादी व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये लेबल लावून ठेवा आणि दळण्याच्या आदल्या दिवशी विचारा. ती यादी हाताने सांभाळणे अशक्य होईल इतकी वाढली, तर वर्गणीच्या प्लगइनचा खर्च तीच उचलेल. अर्धवट खरेदीचे संदेश एसएमएसने पाठवायचे असतील, तर डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी मंचावर नाव आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. ते काम आपल्या व्यापाला सध्या झेपणारे नाही, ईमेलपुरते थांबावे.

प्रतिसाद, पुण्याहून, मूळ पारोळ्याच्या

मी अशा दुकानांची ग्राहक म्हणून लिहिते. पॉइंट आणि कूपन यांपेक्षा मला पीठ कोणत्या तारखेला दळले आणि मसाला कोणत्या महिन्यात कुटला ते पानावर वाचायला आवडेल. पाकिटावर तारीख असते, पण ती पार्सल उघडल्यावर दिसते. दुसरे, अभिप्रायांची सोय अवश्य चालू ठेवा. खरोखर खरेदी केलेल्यांनाच अभिप्राय लिहू देण्याचा पर्याय वूकॉमर्समध्ये आहे असे माझ्या भावाने सांगितले.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. दळणाची तारीख पानावर टाकण्याचे काम आजच सुरू करते, त्याला कोणाचीही मदत लागत नाही. शिपिंग क्लासबद्दल एक शंका राहिली. एका खोक्यात बिबड्यांची चार पाकिटे बसतात. जास्तीची रक्कम प्रत्येक पाकिटामागे लावली, तर चार पाकिटे घेणाऱ्यावर अन्याय होईल, आणि ऑर्डरीमागे एकदाच लावली, तर आठ पाकिटांची दोन खोकी होऊन आमचे नुकसान होईल. यात मार्ग कसा काढावा?

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, वर्गाच्या रकमेच्या रकान्यात नुसता आकडा न लिहिता नगसंख्येचे सूत्रही लिहिता येते. खोक्याची ठरावीक रक्कम आणि त्यात नगसंख्येला गुणून थोडी रक्कम, असे सूत्र लिहा. उदाहरणार्थ 60 अधिक नगसंख्या गुणिले 10. एका पाकिटाला 70 पडतील, चार पाकिटांना 100, म्हणजे पाकिटामागे 25. आठ पाकिटांना मात्र 140 च होतात, आणि दोन खोक्यांना ते अपुरे आहेत, म्हणून बिबड्यांच्या पाकिटांची एका ऑर्डरीतली कमाल मर्यादा चार ठेवावी आणि जास्त हवे असणाऱ्यांनी फोन करावा अशी ओळ तेथेच द्यावी. आकडे अर्थातच आपल्या कुरिअरच्या दरपत्रकावरून बदलून घ्यावेत. नवे दर लावण्याआधी तिन्ही झोनांतला एकेक पिनकोड घालून स्वतः ऑर्डर टाकून पाहा.