कोंबड्यांच्या आवारात खाली काय अंथरायचं? (आमच्या घरच्यांच्या ‘पडवी’ ग्रुपवरून)

२४ मे

वहिनी: सगळ्यांना एक विचारायचंय. परसात कोंबड्यांसाठी जाळीचं आवार केलंय त्यात खाली काय अंथरू? १०ला १५ फूट आहे, १२ कोंबड्या आहेत. उकरून उकरून गवताची काडी ठेवली नाही, नुसती लाल माती उरलीय. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. मागच्या वर्षी अंडी धुवून धुवून माझी बोटं सुरकुतली होती.

बंड्या: वहिनी टाइल्स बसव. व्हिट्रिफाइड.

वहिनी: तू ये बसवायला.

नानाकाका: हिरवळ लाव गं. आमच्याकडे कोल्हापुरात बंगल्याबंगल्यातून लॉन आहे, छान दिसतं.

वहिनी: काका, बारा कोंबड्यांपुढे लॉन म्हणजे चार दिवसांचा फराळ. खाऊन उरलं तर पायाने उकरतात.

छोटी: आम्ही वाळू घातलीय इथे फीनिक्सला, अमेरिकेतल्या वाळवंटात. जाडसर धुतलेली, सहा इंच. रोज सकाळी चाळणीच्या फावड्याने वरची वर विष्ठा उचलायची, पाच मिनिटांचं काम. वास अजिबात नाही. तू पण वाळूच घाल.

दादा: छोटे, फीनिक्सला वर्षभरात जेवढा पडतो तेवढा पाऊस गुहागरला कधीकधी दोन दिवसांत पडतो. तुझ्याकडे विष्ठा उन्हात वाळून खडखडते म्हणून ती चाळली जाते. इथे जुलैत वाळू आणि विष्ठेचा शिराच होणार. शिवाय वाळूचा ट्रक किती रुपयांना पडतो ते विचारू नकोस.

छोटी: बरं बाबा. इथे उन्हाळ्यात वाळू एवढी तापते की दुपारी कोंबड्या तिच्यावर पाय ठेवत नाहीत, हेही खरं आहे. सावलीच्या पट्ट्यात ओळीने उभ्या असतात.

नानाकाका: मग खडी घाला बारीक. पाणी खाली जाईल.

वहिनी: तेच तर केलं होतं मागच्या वर्षी! थांबा, फोटो टाकते.
[फोटो]
ही बघा, आपली लंगडी. डाव्या पायाच्या तळव्याला मधोमध काळी खपली, मसुराच्या डाळीएवढी, आणि भोवती सूज. आधी वाटलं शेण चिकटलंय. धुतलं तरी जाईना. दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाले, खडीच्या कडांनी कातडं फाटतं, त्यातून जंतू शिरतात आणि आत घट्ट पू धरतो. साफ करून पट्टी बांधली, रोज ड्रेसिंग. कोंबडीला धरून ड्रेसिंग करणं म्हणजे काय ते दादाला विचारा.

दादा: शर्ट टाकून द्यावा लागला.

मामा: वनराज आहेत ना त्या? जातच अंगाने जड. त्या बसायच्या उंच दांडीवरून थेट खडीवर उडी मारतात. दांडी दोन फुटांवर आणा आणि खाली मऊ ठेवा. गावरान हलकी असते, तिला एवढा त्रास होत नाही.

वहिनी: मामा, तुम्हीच सांगा आता. तुम्ही इतकी वर्षं शेड चालवलीत.

मामा: शेडमध्ये आम्ही भाताचा तूस घालायचो. पिल्लांना दोन-तीन इंच, मोठ्यांना चार ते सहा. पण शेडला वर पत्रा, खाली कोबा, जोतं उंच. तुझं आवार उघडं. म्हणून काय अंथरायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? वर काय आहे सध्या?

वहिनी: हिरवी शेडनेट.

मामा: शेडनेटने ऊन अडतं, पाऊस नाही. निम्म्या भागावर तरी पत्रा किंवा ताडपत्री घाल. नाहीतर गादीवर गादी घालत बसशील आणि खाली आंबवण होईल.

माई (व्हॉइस नोट, बंड्याने टाइप केलेली): अगो, आमच्या वेळी कोंबडीला कोण अंथरूण घालत होतं? सकाळी डालगं उचललं की ती परसभर. संध्याकाळी आपली आपण येते. पायखाली माती, वर आकाश. एका जागी कोंडलीस म्हणून चिखल झाला.

वहिनी: माई, खरं आहे तुमचं. पण मोकळ्या सोडल्या की शेजारच्यांची लाल माठाची वाफी साफ होतात, आणि मार्चपासून मुंगसाने चार नेल्या. भरदिवसा. म्हणून तर आवार केलं.

माई (व्हॉइस नोट): मग पातेरा घाल. फणसाखाली एवढा पडलाय. आणि चुलीतली राख एका कोपऱ्यात, त्यात लोळल्या की उवा जातात.

बंड्या: मुंबईकरांसाठी: पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा.

आत्या: मुंबईकर तूच आहेस.

२५ मे

मामा: माईंचं बरोबर आहे. पातेरा फुकट, आणि त्यात किडामुंगी असते म्हणून कोंबड्या दिवसभर तो उलटापालटा करत राहतात. तेच आपल्याला हवं, गादी खालीवर होत राहिली पाहिजे. नुसता पातेरा मात्र पावसात चपटा बसून लगदा होतो. तूस पटकन कुजत नाही आणि पोकळ राहतो. दोन्ही मिसळ, निम्मं निम्मं.

दादा: हिशेब केला. १५० चौरस फूट, चार इंच जाड म्हणजे ५० घनफूट. मोठ्या पोत्यात तीनेक घनफूट बसतं. सतरा पोती. निम्मा पातेरा धरला तर तुसाची आठ-नऊ.

नानाकाका: उसाचं पाचट पाठवू का? टेम्पोभर आहे, फुकट.

मामा: पाचट नको, पात्याला धार असते. चिपाडाचा भुगा पाणी चांगलं शोषतो, पण गोडवा असतो त्यात, कोकणच्या दमट हवेत लगेच बुरशी धरेल. बुरशीची धूळ कोंबडीच्या फुफ्फुसात गेली की संपलं. लांब पेंढाही तसाच. एकतर बुरसतो, आणि लांब काड्या गिळल्या तर गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन बसतो. घालायचाच तर बोटभर तुकडे करून.

आत्या: इथे रत्नागिरीत काजूच्या कारखान्याबाहेर टरफलांचे ढीग असतात. ती चालतील? कडक असतात, कुजणार नाहीत.

मामा: अजिबात नाही! काजूच्या टरफलात तेल असतं, हाताला लागलं तर फोड येतात. सोलणाऱ्या बायका हाताला एरंडेल नाहीतर राख लावतात ती उगाच नाही. कोंबडीच्या पायाचं काय होईल?

आत्या: बरं झालं विचारलं.

दादा: सुताराकडचा भुसा?

मामा: अख्ख्या लाकडाच्या रंध्याच्या चिपा असतील तर उत्तम. पण हल्ली सुताराकडे प्लायच जास्त. तो भुसा म्हणजे पीठ असतं आणि त्यात गोंद. तो नको.

२७ मे

वहिनी: ऐका आता दादाचा पराक्रम. गिरणीत गेले आणि म्हणाले, “तूस-कोंडा जे असेल ते द्या.” गिरणीवाल्याने नऊ पोती कोंडा भरला!

दादा: मला काय माहीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत ते.

माई (व्हॉइस नोट): भाताचं वरचं साल तो तूस, तांदळावरचा तो कोंडा. एवढं शिकलास आणि भात माहीत नाही?

वहिनी: मी एक पोतं अंथरून पण बसले. बाराच्या बारा त्यावर तुटून पडल्या. अंथरूण खाल्लं! संध्याकाळपर्यंत जमीन दिसायला लागली.

बंड्या: बेड अँड ब्रेकफास्ट.

मामा: खाल्लं ते बरंच झालं. उरला असता तर दोन दिवसांत गुठळ्या होऊन आंबला असता. बाकीचा कोरडा ठेव, थोडा थोडा खाद्यात घाल, पण फार दिवस नको. त्यात तेल असतं, खवट होतो.

१ जून

वहिनी: तूस आला. काय केलं ते सांगते. आधी आतली वरची घाण माती चार बोटं खरवडून काढली. चिऱ्याच्या फुटक्या तुकड्यांनी आणि लाल मातीने आतली जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा फूट उंच केली, धुम्मस केलं. कडेने चिऱ्याचा एक थर, म्हणजे गादी बाहेर सांडणार नाही. वर तूस-पातेरा. नैऋत्येच्या बाजूला झड येते म्हणून माडाचे झाप बांधले. निम्म्यावर जुने पत्रे. बाहेरून जाळीचा दीड फूट पट्टा जमिनीवर आडवा पसरून वर दगड ठेवले, मुंगूस उकरायला लागलं की जाळीच लागेल.
[फोटो]

छोटी: किती सुंदर दिसतंय! माझ्यापेक्षा छान.

नानाकाका: शाब्बास सूनबाई.

१९ जून

वहिनी: मामा, वास येतोय. पाच दिवस सलग पडतोय. बाकी कोरडं आहे, पण न्हाणीघराकडचा कोपरा काळा पडलाय.

मामा: उभी राहून वास घेतेस की बसून?

वहिनी: म्हणजे?

मामा: उकिडवी बस, तोंड कोंबडीच्या उंचीवर आण. विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू गादीलगत जास्त असतो. तुझे डोळे चुरचुरले तर त्यांचे चोवीस तास चुरचुरतायत. मग मूठभर गादी उचल आणि घट्ट आवळ. लाडू वळला आणि तसाच राहिला तर फार ओलं. मूठ उघडल्यावर चिरा पडून सुटला तर ठीक. अजिबात चिकटत नसेल आणि धूळ उडत असेल तर फार कोरडं.

वहिनी: मधल्या भागातला सुटतो. कोपऱ्यातला लाडू थेट नैवेद्याला ठेवण्यासारखा.

बंड्या: नको.

मामा: मग दोष तुसाचा नाही. पाणी शोधा. दादाला भर पावसात छत्री घेऊन उभा करा तिथे.

दादा: उभा राहिलो. पडवीची पागोळी चिऱ्याच्या कडेवर पडते आणि सांध्यातून आत झिरपते. वरून दिसतच नव्हतं. पीव्हीसीचा पाईप उभा चिरून पन्हळ केली, बाहेरून वीतभर चर खणून पाणी माडाच्या आळ्यात सोडलं.

मामा: आता कोपऱ्यातलं ओलं सगळं काढा, ढवळू नका आत. नवा तूस घाला. विरलेला चुना पातळ भुरभुरून मिसळला तरी चालेल, पण कोंबड्या बाहेर असताना. कळीचा चुना नको, भाजतो.

आत्या: आणि हात धू साबणाने प्रत्येक वेळी. मुलं आत जातात तुझी.

वहिनी: जातात, आत्या. गमबूट वेगळे ठेवलेत दाराशी.

मामा: विष्ठेत रक्त दिसलं तर थांबू नकोस. रक्ती हगवण ओल्या, उबदार गादीतच फोफावते आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं तिला लवकर बळी पडतात. पावसाळ्यात खुडूक बसवून पिल्लं काढलीस तर त्यांना या आवारात आणू नकोस, वेगळ्या कोरड्या खोक्यात ठेव.

वहिनी: एक खुडूक बसलीच आहे. बरं झालं सांगितलंत.

१२ ऑगस्ट

वहिनी: अपडेट. मधे दोनदा वरून तूस घातला, तीन-तीन पोती. संध्याकाळी मूठभर गहू फेकते, तेवढ्यासाठी त्या अख्खी गादी उलथून टाकतात, माझं फावडं वाचतं. राखेचा कोपरा पत्र्याखाली आहे. तिथे एका वेळी दोघीच मावतात, बाकीच्या रांगेत. अंडी स्वच्छ. लंगडी आता लंगडत नाही, नाव मात्र तेच राहिलं.

छोटी: मग खालचं सगळं काढणार कधी?

वहिनी: दिवाळीनंतर, कोरडं झालं की. सुरणाला आणि माडांना.

मामा: थेट घालू नकोस, मुळं जळतात. दोन-तीन महिने खड्ड्यात कुजव आधी.

आत्या: त्यातली दोन पोती माझ्या गुलाबांना. आत्ताच सांगून ठेवते. आणि एसटीत ठेवून पाठवू नका हो, मागच्या वेळी कंडक्टरने मला फोन करून झापलं होतं.